स्पेनचे सौर धोरण आणि आपले कृषी फीडर

मा. संपादक,
यांस सप्रेम नमस्कार.

शेतीपंपांच्या वीजवाहिन्यांना (फीडरना) सौर प्रकल्पांतून दिवसा वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेविषयी आपल्या दैनिकात जो पत्रव्यवहार चालू आहे, त्यात स्पेनचा दाखला वारंवार दिला जातो. २८ एप्रिल २०२५ रोजी भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल या दोन्ही देशांची वीज एकदम गेली, त्या घटकेला स्पेनमधील निम्म्याहून अधिक वीज सौर प्रकल्पांतून येत होती, म्हणून जत, आटपाडी, कवठे महांकाळच्या माळावर पॅनेल मांडण्याची घाई आपणही करू नये, असा या पत्रांचा एकूण सूर आहे. मी तासगावात बेदाण्याचे शीतगृह चालवतो आणि त्याच्या छतावर सौर संच बसवलेला आहे. त्यामुळे या विषयात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगितलेले बरे. तरीही स्पेनचे उदाहरण द्यायचे असेल तर ते पुरते द्यावे, असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे. त्या देशाने गेल्या अठरा-वीस वर्षांत सौर ऊर्जेच्या बाबतीत ज्या चुका केल्या, त्या आपल्या सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांसाठी फार उपयोगाच्या आहेत. मात्र पत्रलेखकांनी जी चूक दाखवली ती त्यांत बसत नाही.

प्रथम त्या दुपारविषयी. १२ वाजून ३३ मिनिटांनी अवघ्या पाच सेकंदांत सुमारे १५ हजार मेगावॅट निर्मिती, म्हणजे त्या वेळच्या मागणीच्या जवळपास साठ टक्के, ग्रिडमधून गळाली, असे स्पेन सरकारने तेव्हा सांगितले. जूनमध्ये सरकारचा आणि ऑक्टोबरमध्ये युरोपातील पारेषण कंपन्यांच्या संघटनेचा अहवाल आला. दोन्हींत दिलेला घटनाक्रम असा की, ग्रिडमध्ये आधी विजेच्या प्रवाहाची हेलकाव्यासारखी आंदोलने झाली, ती शमवण्यासाठी जे उपाय केले गेले त्यांनी व्होल्टेज आणखी चढले, ते मर्यादेपलीकडे गेल्यावर ग्रानादा, बादाखोस, सेव्हिया या दक्षिणेकडील भागांतील निर्मिती केंद्रे स्वतःच्या संरक्षणासाठी एकामागून एक ग्रिडपासून सुटत गेली, आणि प्रत्येक केंद्र सुटताना व्होल्टेज पुन्हा वर ढकलले गेले. चढत्या व्होल्टेजच्या साखळीमुळे एवढी मोठी वीजव्यवस्था कोसळल्याचे युरोपातील हे पहिलेच उदाहरण मानले जाते.

येथे विचारण्याचा प्रश्न हा की, व्होल्टेज आवरण्याचे काम त्या दिवशी कोणाकडे होते? स्पेनच्या २०१४ च्या नियमांनुसार सौर आणि पवन प्रकल्पांनी ठरवून दिलेल्या पॉवर फॅक्टरवर, म्हणजे व्होल्टेज चढो वा उतरो, एकाच ठरलेल्या प्रमाणावर चालायचे होते. व्होल्टेज सांभाळण्याची जबाबदारी अणु, वायू आणि जलविद्युत केंद्रांवर होती. आजच्या इन्व्हर्टरांना, म्हणजे पॅनेलची वीज ग्रिडजोगी करणाऱ्या यंत्रांना, हे काम करता येते, परंतु त्यांना ते करण्याची मुभाच नव्हती. त्या दिवसासाठी व्होल्टेज सांभाळायला नेमलेली पारंपरिक केंद्रे दहा होती, म्हणजे त्या वर्षाच्या सुरुवातीपासूनची सर्वांत कमी. शिवाय नेमलेल्यांपैकी काहींनी अपेक्षेइतकी रिअॅक्टिव्ह पॉवर (जी शोषल्याने व्होल्टेज उतरते) शोषली नाही, असे सरकारी अहवाल म्हणतो. वीज कंपन्यांना हे मान्य नाही आणि त्या ग्रिडचालक रेड एलेक्त्रिका या कंपनीकडे बोट दाखवतात. तो वाद तेथील लोक मिटवतील. आपल्या कामाची गोष्ट इतकीच की, घटनेनंतर दोन महिन्यांच्या आत नियामकाने सौर आणि पवन प्रकल्पांनाही व्होल्टेज नियंत्रणात सहभागी करून घेणारी कार्यपद्धती मंजूर केली. पॅनेल तीच राहिली, इन्व्हर्टर तेच राहिले, नियम तेवढा बदलला. असे असताना दोष पॅनेलच्या माथी मारणे मला तरी पटत नाही.

स्पेनमधील खरी नामुष्की मात्र याहून जुनी आहे, आणि तिच्याविषयी आपल्याकडे कोणी बोलत नाही. २००७ साली तेथील सरकारने एका शाही फर्मानाने लहान सौर प्रकल्पांना युनिटला सुमारे ४४ युरो सेंट, म्हणजे तेव्हाच्या विनिमय दराने पंचवीसेक रुपये, असा दर पंचवीस वर्षांसाठी देऊ केला. ‘सूर्य तुमचा होऊ शकतो’ अशा अर्थाच्या घोषणेसह सरकारच्याच ऊर्जा संस्थेने पत्रके वाटली. २०१० पर्यंत साधारण ४०० मेगावॅट क्षमता उभी राहावी एवढेच उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात २००८ या एका वर्षातच अडीच हजार मेगावॅटहून अधिक सौर क्षमता उभी राहिली आणि त्या वर्षी स्पेन ही जगातली सर्वांत मोठी सौर बाजारपेठ ठरली. पॅनेलच्या किमती उतरत असताना दर गोठवून ठेवायचा, क्षमतेवर मर्यादा घालायची नाही, आणि मग लोक रांगा लावतात याचे आश्चर्य करायचे, असा तो प्रकार होता.

हा खर्च ग्राहकांच्या बिलातून वसूल व्हायला हवा होता. परंतु बिले वाढवण्याचे धैर्य एकाही सरकारला झाले नाही. सौर प्रकल्पांच्या कितीतरी आधीपासून, म्हणजे २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांपासूनच, तेथे विजेचा दर खर्चापेक्षा कमी ठेवून मधली तूट कागदावर पुढे ढकलण्याची सवय लागली होती. ही तूट म्हणजे मोठ्या वीज कंपन्यांचे ग्राहकांकडून येणे समजले जाई, आणि सरकारच्या हमीवर ते येणे रोख्यांच्या रूपाने बाजारात विकलेही गेले. २०१३ पर्यंत हा आकडा जवळपास ३० अब्ज युरोवर पोहोचला. या तुटीला एकटी सौर ऊर्जा कारण होती असे म्हणणे चुकीचे आहे. पण पैसे कापण्याची वेळ आली तेव्हा सर्वांत सोयीचा हात तिच्याच मानेवर पडला.

पुढची कापणी टप्प्याटप्प्याने झाली. २००८ मध्ये नव्या प्रकल्पांचे दर उतरवले गेले, आणि ते योग्यच होते. २०१० मध्ये आधीच चालू असलेल्या प्रकल्पांना वर्षातील ठरावीक तासांपुरताच ठरलेला दर मिळेल अशी मर्यादा घातली गेली. २०१२ च्या जानेवारीत नव्या प्रकल्पांचे साहाय्य पूर्ण थांबवले गेले. आणि २०१३-१४ मध्ये जुनी दरपद्धतच मोडीत काढून तिच्या जागी ‘वाजवी परतावा’ ही कल्पना आणली गेली: दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांच्या व्याजावर तीन टक्के मिळवून येणारा ७.३९८ टक्के परतावा, तोही प्रकल्पाच्या पूर्ण आयुष्यावर मोजलेला. याचा अर्थ, ज्यांना आधीच्या वर्षांत जास्त मिळाले होते त्यांचे पुढचे उत्पन्न त्या हिशेबाने खाली आले. दर पंचवीस वर्षांसाठी कायद्याने लिहून दिलेला होता आणि तो सात वर्षांत गेला.

या प्रकारात कोण भरडले गेले हे पाहण्यासारखे आहे. स्पेनमध्ये गावोगावी अनेक लहान गुंतवणूकदारांनी मिळून एकाच शेतात पॅनेल लावलेली होती. त्यासाठी घर, जमीन गहाण टाकून बँकेचे कर्ज काढलेली कुटुंबे साठ हजारांहून अधिक असल्याचे त्यांची संघटना सांगते. हे लोक स्पेनच्याच सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हरले. ज्या परदेशी गुंतवणूक निधींनी तेथे पैसा घातला होता, त्यांना मात्र ऊर्जा सनद करार या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार होता. त्यांनी स्पेनवर पन्नासच्या आसपास लवाद दावे लावले, त्यांतील बरेचसे जिंकले, आणि स्पेन पैसे देत नाही म्हणून अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या न्यायालयांत त्या देशाच्या मालमत्तेवर टाच आणण्याचे प्रयत्न चालू ठेवले. शेवटी स्पेन त्या करारातूनच बाहेर पडला. एकाच फर्मानावर विश्वास ठेवणाऱ्या दोघांपैकी परक्याला दाद मागण्याची जागा होती आणि गावातल्या शेतकऱ्याला नव्हती. ज्या कोणाला सौर कराराच्या कागदावर सही करायची आहे, त्याने स्पेनच्या इतिहासातील एवढे एकच पान वाचले तरी पुष्कळ.

यानंतरही ते सरकार थांबले नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये आणखी एक फर्मान निघाले, ज्याला तेथील जनतेने ‘सूर्यावरचा कर’ असे नाव दिले. स्वतःच्या छतावर तयार करून स्वतःच वापरलेल्या विजेवरही व्यवस्थेच्या खर्चाचा आकार द्यावा लागेल, लहान प्रकल्पांनी ग्रिडमध्ये सोडलेल्या जादा विजेचा मोबदला मिळणार नाही, आणि एका इमारतीतील शेजाऱ्यांनी एक संच वाटून वापरायचा नाही, असे त्याचे स्वरूप होते. दहा किलोवॅटपर्यंतच्या घरगुती संचांना वापरावरील आकारातून सूट होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण नोंदणी न केलेल्या संचासाठी कायद्यात सहा कोटी युरोपर्यंतच्या दंडाची तरतूद होती, तेव्हा त्या सुटीने कोणाला धीर येणार? भूमध्य समुद्राच्या काठावरचा, उन्हाची कमतरता नसलेला हा देश काही वर्षे छतावरील सौर ऊर्जेत ढगाळ जर्मनीच्या कितीतरी मागे पडला. २०१७ मध्ये तेथील घटना न्यायालयाने सामायिक वापरावरील बंदी रद्द केली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये नव्या सरकारने तो करही काढून टाकला.

एप्रिल २०१९ मध्ये आलेली पद्धत मला विचार करण्यासारखी वाटते. तीनुसार जादा विजेची किंमत युरोमध्ये मोजतात आणि ती महिन्याच्या बिलातील विजेच्या रकमेतून वजा करतात; ती रक्कम शून्यापर्यंत येऊ शकते, त्याखाली जात नाही. आपल्याकडील नेट मीटरिंगमध्ये युनिटला युनिट वजा होते, त्या मानाने हा सौदा ग्राहकाला कमी फायद्याचा आहे. परंतु तो पहिल्या दिवसापासून स्पष्ट आहे, आणि शेजारच्या पाच-दहा घरांना किंवा गाळ्यांना मिळून एक संच लावण्याची सोय त्यात आहे. पुढे २०२१-२२ मध्ये वायूचे भाव भडकले तेव्हा स्पेनमधील छपरे भराभर पॅनेलने भरली, ती याच नियमावर.

आता बाजाराकडे येतो, कारण पुढची अडचण तेथेच आहे. स्पेन आणि पोर्तुगालचा वीजबाजार २००७ पासून एकत्र आहे आणि दुसऱ्या दिवसाच्या विजेचा लिलाव आदल्या दिवशी होतो. तासगाव किंवा सांगलीच्या बाजार समितीत बेदाण्याच्या उघड लिलावात प्रत्येक कलमाचा (विक्रीला मांडलेल्या मालाच्या गटाचा) भाव त्या मालाच्या प्रतीवर वेगळा ठरतो. तेथे तसे नाही. मागणी पूर्ण करण्यासाठी शेवटी जे केंद्र घ्यावे लागते, त्याने मागितलेला भाव त्या वेळेच्या सर्व विजेला मिळतो. वायूवरचे महाग केंद्र शेवटचे असेल तर धरणातल्या आणि उन्हाच्या विजेलाही वायूचा भाव मिळतो. युक्रेन युद्धानंतर हे असह्य झाल्यावर युरोपीय आयोगाच्या संमतीने जून २०२२ पासून या दोन देशांनी वीजनिर्मितीसाठीच्या वायूच्या हिशेबी किमतीवर मर्यादा घातली आणि घाऊक दर काहीसे आवरले.

आजची गोष्ट उलटी आहे. २०२४ च्या अखेरीस स्पेनच्या वीजक्षमतेत सौर ऊर्जा ३२ हजार मेगावॅटसह पहिल्या क्रमांकावर होती. वसंत ऋतूत ऊन लख्ख, हवा थंड, वारा भरपूर आणि धरणे भरलेली असली की दुपारी शेवटचे केंद्रही सौरच असते आणि त्याचा इंधनखर्च शून्य असल्याने सर्वांचाच भाव शून्यावर येतो. एप्रिल २०२४ मध्ये तेथील दर इतिहासात प्रथमच शून्याखाली गेला, म्हणजे वीज घेणाऱ्याला पैसे मिळाले. सूर्य मावळला की काही तासांत दर पुन्हा चढतो. जास्त पॅनेल लावावीत तशी दुपारच्या विजेची किंमत पॅनेलवालेच पाडतात, आणि त्यावर उपाय म्हणजे मागणी दुपारकडे ओढणे किंवा दुपारची वीज संध्याकाळपर्यंत साठवणे. स्पेनने या दोन्हींत दिरंगाई केली. जून २०२१ पासून घरगुती ग्राहकांना जो वेळेनुसार वहन आकार लागू झाला, त्यात सकाळी १० ते दुपारी २ ही वेळ सर्वांत महाग ठरवलेली होती. घाऊक बाजारात वीज स्वस्त होऊ लागण्याची वेळ आणि ग्राहकाला ‘आता वापरू नका’ असे सांगणारी वेळ बरीचशी एकच!

यावर हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या राज्यात उद्योगांना वर्षानुवर्षे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटला दीड रुपया सवलत आणि सकाळी ९ ते १२ या वेळेत अधिभार, अशी रचना होती. औष्णिक केंद्रे रात्री रिकामी चालत, त्या काळाला ती शोभून दिसत होती. माझ्यासारखे शीतगृहवाले त्या रचनेप्रमाणे रात्री कॉम्प्रेसर चालवत आले. आता राज्य वीज नियामक आयोगाने २०२५ च्या बहुवार्षिक दर आदेशात सकाळी ९ ते सायंकाळी ५ हे सौर तास मानून सवलत तिकडे नेली. त्या आदेशावर फेरविचार आणि न्यायालयीन वाद झाले, त्यांच्या तपशिलात मी शिरत नाही. दिशा मात्र बरोबर आहे. बेदाण्याची खोली चार अंशांच्या आसपास ठेवावी लागते. माल एकदा थंड झाला आणि भिंतींचे इन्सुलेशन चांगले असले, की दुपारी तापमान थोडे जास्त उतरवून संध्याकाळच्या महाग वेळेत कॉम्प्रेसर बंद ठेवता येतात. बॅटरीला लागणारा लिथियमचा खर्च न करता हे शीतगृह काही तासांची साठवण करते. तासगाव, सांगली, मिरज पट्ट्यातील शीतगृहे उन्हाळ्यात भरलेली असतात, नेमके तेव्हाच ऊनही कडक असते. वेळेचा दर त्यांच्या बाजूने लावला तर ती दुपारची बरीच वीज पोटात घेतील.

मात्र त्याच आदेशाभोवती जो वाद झाला, त्याचा गाभा स्पेनच्या जुन्या चुकीशी मिळताजुळता आहे. छतावरील संचातून दुपारी ग्रिडमध्ये सोडलेली युनिटे संध्याकाळच्या वापरातून वजा करून मिळणार की फक्त दुपारच्याच वापरातून, हा तो प्रश्न. दुपारची आणि संध्याकाळची वीज एकाच मोलाची नाही, हे मी नाकारत नाही. स्पेनचा बाजार रोज तेच सांगतो. त्यामुळे यापुढे संच बसवणाऱ्यांसाठी नियम बदलला तर माझी तक्रार नाही. पण ज्याने युनिटला युनिट या हिशेबावर बँकेचे कर्ज घेतले, त्याच्या हप्त्याच्या मधल्या वर्षी नियम बदलणे म्हणजे स्पेनच्या २०१० आणि २०१३ ची नक्कल आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान देऊन सामान्य कुटुंबांना या वाटेवर आणले जात आहे. त्यांना मिळणारा नियम किती वर्षांसाठी आहे हे अनुदानाच्या पत्रावरच छापले जावे.

सौर कृषी वाहिनी योजनेची मांडणी स्पेनच्या २००७ च्या योजनेपेक्षा शहाणपणाची आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. येथे दर सरकारने ठरवून दिलेला नाही, तो निविदेतून युनिटला तीन रुपयांच्या आसपास आला आहे. क्षमता उपकेंद्रानिहाय ठरलेली आहे, त्यामुळे चारशेच्या जागी अडीच हजार असा प्रकार होणार नाही. भाड्याने दिलेल्या जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते. आणि आठवड्याआड रात्रपाळीचा थ्री फेज पुरवठा असलेल्या शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येणे याचे मोल शिराळा, कऱ्हाड, पाटणकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. उसाच्या फडात रात्री बिबट्याच्या भीतीने बॅटरी फिरवत पाणी धरलेल्याला ते ठाऊक आहे.

तरीही तुटीचा धोका येथे दुसऱ्या दाराने येतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल २०२४ पासून पाच वर्षे राज्य सरकार भरणार आहे. ताकारी, टेंभू, म्हैसाळच्या उपसा योजनांची ८१ टक्के वीजबिले शासनाने आणि १९ टक्के लाभधारकांनी भरायची, असे सूत्र आहे. या रकमा वेळेवर पोहोचल्या तर उत्तमच. त्या थकत गेल्या, तर ते वीज वितरणाच्या वहीत येणे म्हणून साचत जाईल, आणि काही वर्षांनी ती वही बंद करायची वेळ आली की कोणाचा तरी करार ‘पुनर्विचारासाठी’ घेतला जाईल. स्पेनमध्ये नेमके हेच झाले. म्हणून सौर प्रकल्प किती मेगावॅटचे उभे राहिले या आकड्याबरोबरच अनुदानाची थकबाकी किती, हा आकडाही दर तिमाहीला जाहीर झाला पाहिजे.

आता व्होल्टेजचा मुद्दा, ज्यावरून हा पत्रव्यवहार सुरू झाला. आपल्या उपकेंद्रांवर दोन-पाच-दहा मेगावॅटचे प्रकल्प जोडले जात आहेत. उन्हाळ्यात सर्व पंप चालू असताना ही वीज फीडरवरच खपते. जुलैमध्ये चांगला पाऊस झाला की पंप बंद असतात, आणि मधूनच लख्ख ऊन पडते. तेव्हा ही सगळी वीज उलट दिशेने वरच्या ग्रिडकडे जाते आणि स्थानिक व्होल्टेज चढते. छतावर संच असलेल्या अनेकांनी अशा दुपारी व्होल्टेज जास्त असल्याचा संदेश दाखवून इन्व्हर्टर बंद पडलेला पाहिला असेल. एका घराचा इन्व्हर्टर सुटला तर काही बिघडत नाही. एका तालुक्यातील दहा प्रकल्प एकाच सेटिंगवर एकाच क्षणी सुटले तर बिघडते, कारण स्पेनमध्ये साखळी अशीच चालू झाली. त्यामुळे या प्रकल्पांच्या इन्व्हर्टरांनी व्होल्टेज आवरण्यात भाग घ्यावा, आणि ते सुटण्याच्या मर्यादा एकसारख्या नसाव्यात, हे करारातच लिहिलेले असले पाहिजे. हे काम मागाहून करणे महाग पडते.

साठवणीच्या बाबतीत निसर्गाने आपल्याला स्पेनपेक्षा कमी दिलेले नाही. २८ एप्रिलच्या त्या रात्री स्पेनमध्ये वीज परत आणण्यात फ्रान्स आणि मोरोक्कोच्या जोडण्यांबरोबर त्यांच्या जलविद्युत केंद्रांचा मोठा वाटा होता, कारण बाहेरच्या विजेशिवाय स्वतःहून सुरू होण्याची सोय त्यांच्यात करता येते. व्हॅलेन्सियाजवळ हुकार नदीवरील कोर्तेस-ला मुएला हे उदंचन केंद्र, जे स्वस्त विजेवर पाणी डोंगरावर चढवते आणि महाग वेळेत खाली सोडते, युरोपातील सर्वांत मोठ्या उदंचन केंद्रांपैकी एक आहे. आपल्याकडे कोयनेचे १,९६० मेगावॅट आहेत. पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणीवाटप लवादाची ६७.५ टीएमसीची मर्यादा असल्याने त्यातला प्रत्येक थेंब संध्याकाळसाठी जपून वापरावा लागतो. उदंचनात तेच पाणी पुन्हा पुन्हा वर-खाली होते. कोयनेच्या डाव्या तीरावरील ८० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प वर्षानुवर्षे रखडला, आणि तारळीसारख्या मोठ्या खासगी प्रकल्पांची चर्चा मात्र जोरात आहे. खासगी प्रकल्पांना माझा विरोध नाही. परंतु पाटण तालुक्याने एकदा धरणासाठी गावे दिलेली आहेत. नव्या प्रकल्पात जमीन कोणाची जाते आणि संध्याकाळची महाग वीज कोणाच्या खात्यात जमा होते, हे आधी समोर यावे.

आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे की, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील कृषी फीडरवरील प्रत्येक सौर प्रकल्पाविषयी पुढील माहिती संबंधित यंत्रणांकडून मिळवून तालुकावार छापावी: करार किती वर्षांचा आहे आणि तो मध्येच बदलण्याचा अधिकार कोणाला आहे, जमीनमालकाचे भाडे थकल्यास त्याने कोठे दाद मागायची, इन्व्हर्टरवर व्होल्टेज नियंत्रणाचे बंधन आहे की नाही, आणि पावसाळ्यात उपकेंद्राची वीज वर घेण्याची क्षमता तपासलेली आहे की नाही. जमीन देऊ पाहणारे शेतकरी आमच्याकडे बेदाणा ठेवायला येतात तेव्हा हेच विचारतात, आणि मला त्यांना उत्तर देता येत नाही.

आपला विश्वासू,
एक शीतगृहचालक, तासगाव (जि. सांगली)